दगदग संपली, पण समाधान कुठे?

प्रश्न : पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टर आहे आणि गेली चार वर्षे साताऱ्याच्या घरूनच काम करतो. हिंजवडीची वाहतूककोंडी सुटली, खोलीभाडे वाचले, दुपारी गरम भाकरी मिळते. तरीही संध्याकाळी लॅपटॉप मिटताना दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. घरचे म्हणतात, तुला सुख बोचतंय. नोकरी बदलावी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्याला सुख बोचत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंत्यांच्या व हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून १९५९ मध्ये असे मांडले, की नोकरीतील त्रास आणि समाधान यांची कारणे वेगवेगळी असतात. पगार, वरिष्ठांची देखरेख, कामाच्या ठिकाणची परिस्थिती यांतले काही बिघडले की माणूस वैतागतो. मात्र समाधान लाभते ते काम तडीस नेल्याने, त्याची कोणी दखल घेतल्याने आणि खुद्द कामात रस असल्याने. घरून काम केल्याने आपला वैताग गेला, एवढेच झाले.

दोन दिवस खपून शोधलेल्या बगचे (सॉफ्टवेअरमधील दोषाचे) तिकीट, म्हणजे त्याची संगणकावरील नोंद, बंद केले की पडद्यावर त्याचा रंग बदलतो आणि विषय संपतो. ऑफिसात शेजारचा निदान "अरे, हा सापडला कसा?" एवढे तरी म्हणाला असता.

शांघायमधील एका प्रवासकंपनीच्या कॉल सेंटरमध्ये २०१०-११ मध्ये नऊ महिन्यांचा प्रयोग झाला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. तरीही पुन्हा निवड करण्याची मुभा मिळताच त्यांतील जवळजवळ निम्मे जण एकटेपणाला कंटाळून ऑफिसात परतले. पुढे त्याच कंपनीने अभियंत्यांसह १,६०० हून अधिक कर्मचाऱ्यांवर आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची पद्धत आजमावली, तेव्हा राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि कामगिरीत फरक पडला नाही.

म्हणून नोकरी बदलण्याची घाई करू नये. नवी नोकरीही त्याच खोलीत, त्याच टेबलावर येईल. महिन्यातून तीन-चार दिवस पुण्याला जाण्याची परवानगी मागा आणि ते दिवस टीम एकत्र असेल असेच निवडा, कारण रिकाम्या ऑफिसात बसून कॉल घेण्यासाठी एवढा प्रवास करण्यात अर्थ नाही. आपण शोधलेल्या दोषांची माहिती टीमला स्वतः देण्याची संधीही मागून घ्या (कॅमेरे बंद ठेवून होणाऱ्या बैठकीत नव्हे). एवढे करूनही तीन-चार महिन्यांनी टेस्टिंगचाच कंटाळा येत असल्याचे जाणवले, तर मात्र कंपनीआधी कामाचे स्वरूप बदलण्याचा विचार करावा लागेल.