बॉडी साधी घ्या, पैसे लेन्सवर घाला

प्रश्न : मी चिपळूणजवळ प्राथमिक शिक्षक आहे. घरामागे झाडी आहे. तिथे धनेश, भारद्वाज, शिंजीर येतात, त्यांचे फोटो काढायचे आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटोही माझ्याच गळ्यात असतात. पस्तीस हजारांपर्यंत जमेल. दुकानदार म्हणतो, नवा डीएसएलआर दोन लेन्ससह घ्या. भाचा म्हणतो, डीएसएलआरचे दिवस संपले, मिररलेसच घ्या. काय करू?

उत्तर : सर, भाच्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. डीएसएलआरमध्ये आतल्या आरशावरून दिसतं, मिररलेसमध्ये तो आरसा नसतो. कॅनन आणि निकॉन या दोघांचंही नवं काम आता मिररलेसमध्येच चाललंय. पण तुमच्या पैशांत कुठला मिररलेस येतो ते बघायला हवं. कॅनन आर१०० चा स्क्रीन टचचा नाही आणि पक्षी ओळखून त्याच्या डोळ्यावर फोकस धरून ठेवण्याची सोय त्यात नाही. आर५० मध्ये ती आहे, पण पक्ष्यांची लेन्स जोडली की तो तुमच्या हिशेबाबाहेर जातो. निकॉन झेड३० ला डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडरच नाही. एप्रिलच्या उन्हात मागच्या स्क्रीनकडे बघत उंच शेंड्यावरचा धनेश शोधायचा, हे फार जिकिरीचं काम आहे. माझ्या साताऱ्याच्या स्टुडिओत शिकायला येणाऱ्यांपैकी ज्यांना पक्षी टिपायचे असतात, त्यांना मी व्ह्यूफाइंडर नसलेला कॅमेरा घेऊ देत नाही.

म्हणून मी सांगेन, चांगल्या स्थितीतला सेकंडहँड डीएसएलआर घ्या. कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५००. दोन्हींचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा आतला भाग, २४ मेगापिक्सेलचा. निकॉन सेकंदाला पाच फोटो घेतो, कॅनन तीन, त्यामुळे उडत्या पक्ष्यांसाठी निकॉन थोडा उजवा. घेताना विकणाऱ्याच्या समोरच तपासा. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, एफ/१६ ला ठेवून (एफचा आकडा मोठा तितकं भोक बारीक) कोऱ्या आकाशाचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. सेन्सरवर धूळ असेल तर करडे ठिपके दिसतील. धूळ साफ करून मिळते, ओरखडा जात नाही. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच शटर काउंट, म्हणजे आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा, नोंदलेला असतो, तो बघून घ्या. १५००डी च्या फाइलमध्ये तो नसतो, कॅमेरा कॉम्प्युटरला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने वाचावा लागतो.

आता लेन्स, आणि खरा निर्णय इथेच आहे. कॅननमध्ये ५५-२५० मिमीची लेन्स घ्या, शक्यतो ‘आयएस एसटीएम’ लिहिलेली. तिचा फोकस चटकन आणि आवाज न करता बसतो. दुकानदार ७५-३०० पुढे करेल, आकडा मोठा दिसतो म्हणून. ती घेऊ नका. तिच्यात हात हलल्याचा परिणाम कमी करणारं स्टॅबिलायझेशन (‘आयएस’) नाही, आणि ३०० ला तेच सगळ्यात जास्त लागतं. निकॉनच्या ७०-३०० चे बरेच प्रकार आहेत, त्यातली ‘व्हीआर’ (निकॉनचं स्टॅबिलायझेशन) अक्षरं असलेलीच घ्या. डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नसते, म्हणून लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी असं छापलेलं हवं. जुनी एएफ-डी लेन्स स्वस्त मिळते, पण तिचा फोकस हाताने फिरवावा लागेल.

२५० मिमी कॅननच्या या सेन्सरवर जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबाने ४०० मिमी इतकं जवळचं दाखवते. जास्वंदीवरच्या शिंजिराला ते पुरतं. उंच झाडावरचा धनेश मात्र लहानच येणार. त्यावर उपाय एकच, फळलेला वड किंवा उंबर हेरायचा आणि सकाळी लवकर जाऊन आडोशाला न हलता बसायचं. ढोलीच्या आसपास मात्र कृपा करून जाऊ नका, सर. विणीच्या काळात मादी ढोलीचं तोंड लिंपून आत बसते आणि नर एका फटीतून तिला फळं भरवतो. तुमच्यामुळे नर बिचकून लांब राहिला, तर आत मादी आणि पिल्लं उपाशी राहतात. त्या फोटोशिवाय आपलं काही अडत नाही.

आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकून घ्या, प्लस-मायनसचं बटण. कॅमेऱ्याला भारद्वाज कळत नाही, त्याला फक्त उजेड कळतो, आणि तो सगळ्याची सरासरी काढून मध्यम करडा करायला बघतो. पांढऱ्या आभाळासमोर फांदीवर बसलेला भारद्वाज त्यामुळे नुसता काळा गोळा येतो. प्लस एक करा, तांबूस पंख आणि लाल डोळा दिसायला लागेल. हिरव्यागार भातखाचरात लांब उभा असलेला बगळा उलट फट्ट पांढरा होतो, पिसं दिसतच नाहीत. तिथे मायनस एक. दयाळ, खंड्या, जो समोर येईल त्याच्यावर हे करून बघा. महिनाभरात बोट आपोआप त्या बटणावर जाईल.

स्नेहसंमेलनासाठी पुढेमागे ५० मिमी एफ/१.८ घ्या. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी साधी लेन्स, ५५ ला एफ/५.६ पर्यंतच उघडते, ही ५० ची तिच्या नऊपटीहून जास्त उजेड आत घेते. उद्या कॅननचाच मिररलेस घेतलात तरी ॲडॉप्टर लावून ती चालेल.

प्रश्न : वाईला राहते, गृहिणी आहे. मुलीने तिचा जुना निकॉन डी५३०० आणि किट लेन्स दिली. कार्तिकातल्या काकड आरतीचे फोटो काढायला जाते, तर ऑटोवर फ्लॅश उघडतो आणि सगळं सपाट दिसतं. फ्लॅश बंद केला की फोटो हलतात.

उत्तर : ताई, फ्लॅश बंद केलात हे उत्तमच. तो छोटा फ्लॅश समोरच्या दोन माणसांना पांढरं करतो, मागच्या गाभाऱ्यापर्यंत पोचत नाही, आणि समईचा उजेड खाऊन टाकतो तो वेगळाच.

आता डायल ऑटोवरून काढून ‘ए’वर आणा, म्हणजे ॲपर्चर तुम्ही ठरवाल. ॲपर्चर जितकं उघडेल तितकं उघडा. मेनूत ऑटो आयएसओ (कमी उजेडात सेन्सरची संवेदना आपोआप वाढवणारी सोय) चालू करून कमाल ३२०० आणि किमान शटर १/१२५ सेकंद ठेवा. थोडे दाणे दिसतील, दिसू द्या. दाणेदार फोटो अल्बममध्ये छान लागतो, हललेला लागत नाही. सभामंडपात ट्यूबलाइट किंवा एलईडी असेल आणि फोटोत आडवे पट्टे आले, तर शटर १/१०० करा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, १/१०० त्या लयीत बसतं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची छटा ठरवणारं सेटिंग, ऑटोवरून काढून उन्हाच्या खुणेवर ठेवा म्हणजे ज्योतीचा पिवळेपणा टिकेल.

जमलं तर ३५ मिमी एफ/१.८ ही डीएक्स, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरसाठीची, लेन्स घ्या. दाटीवाटीच्या मंडपात ५० पेक्षा हीच सोयीची, आणि ३५ ला तुमच्या किट लेन्सच्या सहापट उजेड घेते. आणि उभ्या राहता ती जागा बदला. देवासमोरून सगळ्यांच्या पाठीच येतात. बाजूच्या खांबापाशी उभ्या राहा आणि ओवाळणारीच्या हाताकडे लक्ष ठेवा. ताट वर जातं तेव्हा चेहरा अंधारात असतो. खाली येऊन छातीपाशी फिरतं तेव्हा ज्योतींचा उजेड हनुवटीखालून सबंध चेहऱ्यावर पडतो. बटण तेव्हा दाबा.

प्रश्न : २४ मेगापिक्सेलवर मोठी प्रिंट निघते का? (नाशिक)

उत्तर : निघते. ६००० बाय ४००० ठिपके म्हणजे इंचाला तीनशेच्या हिशेबाने २० बाय १३ इंच. भिंतीवर लावायला लांबून बघायची असेल तर याहूनही मोठी करा. जास्त मेगापिक्सेलसाठी जास्त पैसे देऊ नका.

प्रश्न : रत्नागिरीत राहतो. पावसाळ्यानंतर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय. पुसून जात नाही.

उत्तर : ती बुरशी आहे, आणि आतल्या काचेवर आहे, म्हणून बाहेरून पुसून जाणार नाही. लेन्स स्वतः उघडू नका. दुरुस्ती करणाऱ्याकडे लवकर न्या, कारण जास्त दिवस राहिली तर काचेवरचा लेप खाते आणि मग डाग कायमचा. तोवर ती बाकीच्या लेन्सपासून वेगळी ठेवा. सेकंडहँड लेन्स घेतानाही टॉर्च तिरका धरून आत बघून घ्या.

पुढच्या पावसाळ्यासाठी महागडं ड्राय कॅबिनेट नसलं तरी चालेल. रबरी रिंग असलेला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, एवढं पुरे. काटा ४५ ते ५० च्या दरम्यान ठेवा. चामड्याची कॅमेरा बॅग कपाटात बंद करून ठेवू नका, ती ओल धरते. निळं जेल गुलाबी झालं की ओलं झालं, मग तापवून परत वापरता येतं. पण त्या निळ्या रंगात कोबाल्टचं क्षार असतं, ते विषारी आहे. त्याला स्वयंपाकाची कढई वापरू नका, जुनं भांडं वेगळं काढा, आणि लहान मुलं असतील तर निळ्याऐवजी नारिंगी रंगाचं जेल मागून घ्या.