क्लिक अडलेलं नाही, टोकंच मेलेली आहेत

तुम्ही लिहिलंय की एटीआरपीने (साखळीच्या टोकाला ब्रोमीन ठेवणाऱ्या पॉलिमरायझेशनच्या पद्धतीने) पॉलिस्टायरीन केलं, टोकाच्या ब्रोमीनजागी अझाइड आणलं, मग अल्काइन लावलेल्या पीईजीशी (पॉलिइथिलीन ग्लायकोलशी) क्लिक केलं, म्हणजे तांब्याच्या मदतीने अझाइड आणि अल्काइन जोडलं. तरी जीपीसीत (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणाऱ्या चाचणीत) जोडून तयार झालेल्या ब्लॉक कोपॉलिमरच्या शिखराशेजारी मूळ पॉलिस्टायरीनचा खांदा, म्हणजे छोटा उंचवटा, राहतोच. तांबं दुप्पट करूनही गेला नाही.

तांबं वाढवणं थांबवा. मेल्डाल आणि शार्पलेस यांच्या गटांनी 2002 मध्ये दाखवलेली ही अभिक्रिया समोर अझाइड असेल तर सहसा दगा देत नाही. पण ज्या साखळीला अझाइडच नाही तिला तांबं काय जोडणार?

आधी आयआर (अवरक्त वर्णपट) बघा. क्लिकनंतर 2100 सेमी⁻¹ च्या आसपासचं अझाइडचं शिखर पूर्ण गेलंय आणि खांदा तरीही आहे, म्हणजे त्या साखळ्या मेलेल्या आहेत, त्यांच्या टोकाला अझाइड कधी लागलंच नाही. शिखर शिल्लक असेल तरच क्लिक अपुरं झालंय असं समजा.

पॉलिमरायझेशन किती टक्के मोनोमर (साखळीची सुटी कडी) संपेपर्यंत नेलंत ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला संशय तिथेच आहे. माझ्या पहिल्या बॅचमध्ये जास्त माल मिळावा म्हणून मी 90 टक्क्यांच्या वर गेलो आणि दोन महिने क्लिकला दोष देत बसलो. मोनोमर संपत आला की साखळ्या वाढण्यापेक्षा एकमेकींना संपवू लागतात, टोकाचा ब्रोमीनही गळतो. 10,000 मोलर मासच्या 1 ग्रॅम पॉलिमरमध्ये टोकं असतात जेमतेम 0.1 मिलिमोल, त्यातला पाचवा हिस्सा गेला तर जीपीसीत ते लपत नाही. 50-60 टक्क्यांवर थांबवा. ब्रोमीनशेजारचा प्रोटॉन एनएमआरमध्ये 4.4 पीपीएमजवळ दिसतो आणि अझाइड लागलं की 4 च्या खाली सरकतो. त्याचं क्षेत्रफळ इनिशिएटरच्या (साखळी सुरू करणाऱ्या रेणूच्या) टोकाशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पीईजी टोकांच्या मोलच्या 1.2 पट घ्या. मेथॅनॉलमध्ये पॉलिमर अवक्षेपित केला की उरलेलं पीईजी वर द्रावणातच राहतं. फ्रीझ-पंप-थॉ (द्रावण गोठवून, हवा खेचून, पुन्हा वितळवणं) तीनदा करा; ऑक्सिजन राहिला तर अल्काइन अल्काइनलाच जुळतं. तांबं न्यूट्रल अॅल्युमिनाच्या कॉलमवर काढा.

टोकं शाबूत असली की काय होतं ते बघायचं असेल तर ग्रेसन यांच्या गटाचं 2006 चं काम आठवा: एका टोकाला अल्काइन, दुसऱ्याला अझाइड असलेलं पॉलिस्टायरीन तांब्याच्या द्रावणात सावकाश सोडलं आणि वलयं मिळवली. फार सुंदर काम आहे ते.

आणि एक कळकळीने सांगतो. सोडियम अझाइड डायक्लोरोमिथेनजवळ किंवा आम्लाजवळ कधीही नेऊ नका, स्पॅच्युला धातूचा वापरू नका. डीएमएफ या द्रावकातली अझाइडची अभिक्रिया संपल्यावर उरलेलं अझाइड पूर्ण धुऊन निघेपर्यंत डायक्लोरोमिथेनची बाटली हुडमध्येसुद्धा ठेवू नका.