हेरिटेज वॉकच्या आवडीतून करिअर होईल का?

प्रश्न : आम्ही कल्याणला राहतो. मुलगी बारावी आर्ट्सला आहे. वर्षभर ती जमेल त्या रविवारी मुंबईतल्या हेरिटेज वॉकना, म्हणजे जुन्या वास्तू-वस्त्या पायी हिंडून समजावून सांगणाऱ्या फेऱ्यांना, जाते. महापालिका मुख्यालय, ओव्हल मैदान, गिरगाव सगळं पाहून झालं. आता म्हणते, यातच करिअर करायचं. तिचे बाबा विचारतात, "गावभर हिंडून पोट भरतं का?" काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, बाबांचा प्रश्न रास्त आहे. नुसते वॉक घेऊन घर चालवणारे थोडेच. काम बहुतेक शनिवार-रविवारचं, पावसाळ्यात ते रोडावतं आणि मुंबईच्या काळा घोडा कला महोत्सवात तर असे वॉक फुकटच असतात. म्हणून बरेच जण जोडीला शिकवतात, लिहितात किंवा आर्किटेक्ट म्हणून काम करतात. हे मुलीला आत्ताच कळलेलं बरं.

पण तिचे रविवार वाया गेलेले नाहीत. ओव्हलहून परतल्यावर ती घरात काय बोलते, ते आठवून पाहा. मैदानाच्या एका अंगाला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, समोर १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. २०१८ मध्ये युनेस्कोने हे सगळं मिळून जागतिक वारसा यादीत घेतलं. ती दगड, कमानी, गळकी छपरं यांबद्दल बोलत असेल, तर तिची ओढ जुन्या इमारतींच्या संवर्धनाकडे आहे. त्याचा सरळ रस्ता बी.आर्क.मधून, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीतून जातो; पाच वर्षांचा कोर्स, 'नाटा' ही प्रवेश परीक्षा, आणि बारावीला गणित-भौतिकशास्त्र हवंच. आर्ट्समधून तो रस्ता बंद आहे. उगाच आशा लावून ठेवू नका.

१८६०च्या दशकात फोर्टचा तट का पाडला, बॅकबेला समुद्रात घातलेल्या भरावाचा पैसा कुठून आला, असे प्रश्न तिला पडत असतील तर मात्र ती योग्य शाखेत आहे. रुईया, झेवियर्स, साठ्ये या कॉलेजांत प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय शिकवला जातो. पुढे पुरातत्त्वात एम.ए.साठी पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे, संग्रहालयशास्त्रासाठी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पदव्युत्तर पदविका. शाळकरी मुलांना वस्तू समजावून सांगणारी माणसं संग्रहालयांना लागतात. वॉकमध्ये जिला गोष्टी सांगणं आवडतं, तिला पगारी नोकरीची शक्यता तिथे जास्त दिसते. जागा कमी आहेत, हेही खरं. आणि मोडी लिपी शिकू दे. हे मी जवळजवळ हट्टाने सांगते, कारण जुनी मराठी कागदपत्रं वाचता येणारा माणूस या क्षेत्रात सहसा रिकामा बसत नाही.

आता एक काम. मुंबईचे वॉक दोन महिने थांबवून तिला कल्याणचा वॉक स्वतः तयार करू द्या. सामग्री भरपूर आहे : कान्हेरी लेण्यांच्या शिलालेखांत कल्याणच्या दानकर्त्यांचे उल्लेख आहेत, खाडीकाठी दुर्गाडी किल्ला आहे, १८५४ मध्ये रेल्वे इथवर आली. दीड तास, शेजारपाजारचे आठ-दहा लोक. अट एकच : प्रत्येक विधानापुढे 'हे कुठून कळलं' ते वहीत लिहायचं. 'असं म्हणतात' छापाची वाक्यं खोडायची. (भुताटकीच्या गोष्टींवर टाळ्या घेणारे वॉक मीही ऐकलेत. टाळ्या मिळतात, त्यापलीकडे फारसं काही नाही.) संदर्भ हुडकायला ती एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागाराची (जुनी सरकारी कागदपत्रं जिथे जपतात त्याची) चौकशी करू लागली, तर बाबांशी मी स्वतः बोलेन. वहीच कोरी राहिली, तर हा रविवारचा छंद आहे. तो जपावा आणि बी.ए.बरोबर दुसरं काही शिकावं.

वॉकला बाबांनाही बोलवा, पण प्रश्न विचारायची मुभा देऊन.

प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी कॉलेजात जाऊन यंदा विषयांची जोडणी कशी आहे ते विचारून या. नव्या शैक्षणिक धोरणानंतर त्यात बदल झालेत, आणि वेबसाइटवरची माहिती पुष्कळदा जुनी असते.