वाचकांचे प्रश्न : मायनर लीग संपली, आता कॉलेजचा असिस्टंट कोच

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत तीन हंगाम मायनर लीग (मेजर लीगच्या खालची व्यावसायिक) बेसबॉल खेळला, हाय-ए या मधल्या पायरीपर्यंत पोचला. यंदा क्लबने त्याला सोडलं. ड्राफ्टमध्ये (क्लब नवे खेळाडू निवडतात त्यात) निवड झाल्यामुळे त्याचं कॉलेज अर्धवट राहिलंय. आता त्याला कॉलेज संघाचा असिस्टंट कोच व्हायचंय. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : पदवीपासून. पूर्णवेळ कोच नेमताना बहुतेक कॉलेजं पदवी मागतात. त्याचा पहिला करार आजच काढून वाचा. ड्राफ्टमधून आलेल्या बऱ्याच खेळाडूंच्या करारात शिक्षणखर्चाची तरतूद असते, आणि खेळणं थांबल्यापासून दोन वर्षांत शिक्षण सुरू केलं नाही तर ती हातची जाते. नोकरी शोधण्याच्या धावपळीत नेमकी हीच मुदत निसटते. शिकता शिकता विद्यार्थी-सहायक म्हणून संघात घ्याल का, असं त्याने हेड कोचला थेट विचारावं.

प्रश्न : या कामाला पगार असतो का?

उत्तर : डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, पूर्वी हेड कोच, दोन पगारी असिस्टंट आणि एक बिनपगारी अशी रचना होती. जुलै २०२३ पासून बिनपगारी जागा रद्द झाली आणि तिसऱ्या पगारी असिस्टंटची मुभा मिळाली. पण किती द्यायचं ते कॉलेजच्या हाती. लहान कॉलेजांत नोकरी अनेकदा अर्धवेळ असते आणि माउंडची (चेंडू टाकणारा उभा राहतो त्या उंचवट्याची) माती ठोकण्यापासून ताडपत्री ओढण्यापर्यंत सगळं कोचच करतो. मायनर लीग खेळाडूंच्या २०२३च्या सामूहिक करारात हाय-एचा किमान पगार वर्षाला २७,३०० डॉलर ठरला. पहिल्या नोकरीत त्याहूनही कमी मिळू शकेल, हे धरून चाला.

प्रश्न : व्यावसायिक खेळाच्या सवयी कॉलेजात आड येतात का?

उत्तर : येतात, आणि हाच खरा अवघड भाग. मायनर लीगमध्ये दिवसभर मैदानावर राहता येतं. डिव्हिजन वनमध्ये हंगामात सक्तीचा सराव दिवसाला चार आणि आठवड्याला वीस तासांपुरताच, शिवाय एक दिवस पूर्ण सुट्टी. सामन्याचा दिवस तीन तास धरतात. त्यामुळे सरावाचा कागद मिनिटांनिशी लिहावा लागतो.

दुसरी गोष्ट बॅटची. लाकडी बॅटच्या मुठीजवळ चेंडू लागला की बॅट मोडते, पिचर (चेंडू टाकणारा) सुटतो. कॉलेजातली धातूची बॅट मोडत नाही, आणि तोच चेंडू इनफिल्डवरून (बेसांजवळच्या आतल्या मैदानावरून) पलीकडे पडू शकतो. म्हणून ‘आत (बॅटरच्या अंगाजवळ) टाक, बॅट मोड’ हा सल्ला इथे तसाच लागू होत नाही. पिचरला चेंडूची जागा आणि वेग बदलायला शिकवावं.

तिसरी, बॅटरचा स्विंग (बॅट फिरवण्याची ढब) बदलण्याची घाई. नियमित हंगाम ५६ सामन्यांचा, त्यात चार वाईट सामनेसुद्धा महाग पडतात. मोठे बदल शरद ऋतूतल्या सरावात करावेत, हंगामात एका वेळी एकच सूचना द्यावी. आणि स्वतःचा स्विंग सगळ्यांना शिकवू नये. ज्याचे हात, उंची, नजर वेगळी, त्याला तो बसत नाही.

प्रश्न : बॅटिंग सरावाच्या वेळी फंगो कसा मारावा?

उत्तर : फंगो म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या सरावासाठी कोचने स्वतः चेंडू उडवून मारलेला फटका. फंगो बॅट लांब आणि हलकी, साधारण ३५ इंचांची. बॅटर ज्यात सराव करतो त्या पिंजऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कोच उभा राहतो. बॅटरचा चेंडू निघून गेला की मगच आपला मारायचा. एकाच वेळी दोन चेंडू अंगावर आले की इनफिल्डरला दुखापत होते. फेक पहिल्या बेसवर येत असेल तर तिथे जाळी हवीच. सुरुवातीला प्रत्येकाला सरळ अंगावर येणारे पाच-सहा ग्राउंडर (जमिनीवरून येणारे चेंडू), मग दोन्ही बाजूंना.

प्रश्न : नवे खेळाडू पाहताना काय मोजायचं?

उत्तर : बॅटरच्या धावेसाठी, चेंडू बॅटला लागताच घड्याळ सुरू, पाय पहिल्या बेसवर पडताच बंद. उजव्या बाजूने खेळणारा ४.३ सेकंदांत पोचला तर चांगलं. कॅचरची (बॅटरच्या मागे चेंडू झेलणाऱ्याची) फेक त्याच्या ग्लोव्हपासून दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हपर्यंत २ सेकंदांत गेली तर चांगलं. सोपा ग्राउंडर मारून अर्ध्यात मंदावलेल्या धावेची वेळ धरू नका, पण तो मंदावला याची नोंद मात्र वहीत करा.