कसोटी तुझ्याकडे असू दे

नाशिक

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. द्राक्षबागायतदारांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे जे ॲप तू बांधते आहेस, त्याच्यामागे कोणत्या कंपनीचे एआय मॉडेल, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली, ठेवावे हा तुझा प्रश्न आहे आणि गेल्या वर्षभरात तू त्याचे उत्तर वारंवार बदलले आहेस. कधी ओपनएआय पुढे, कधी गुगल, मध्येच अँथ्रॉपिक, मध्येच एखादी चिनी कंपनी; दर वेळी तू जुळलेले काम मोडलेस, नव्याने जुळवलेस आणि शेवटी थकून मला लिहिलेस की काका, या शर्यतीत खरोखर पुढे कोण आहे ते एकदा सांगा. तू मेहनती आहेस, धीर सोडू नकोस, असले काही मी लिहिणार नाही, कारण त्याची तुला गरज नाही. पुढे कोण हे तू बाजाराला विचारते आहेस, आणि तुझ्या कामापुरते पुढे कोण हे ठरवणारी कसोटीच तुझ्याकडे नाही. ती आधी तयार कर. निवड नंतर.

या शर्यतीचा आजवरचा क्रमच बघ. आज या कंपन्यांची मॉडेल्स ज्या ट्रान्सफॉर्मर नावाच्या मूळ रचनेवर उभी आहेत, ती २०१७ मध्ये गुगलच्या आठ संशोधकांनी मांडली. पण ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांपुढे आणले ते ओपनएआयने, म्हणजे २०१५ च्या डिसेंबरात ना-नफा संस्था म्हणून सुरू झालेल्या आणि २०१९ पासून मायक्रोसॉफ्टच्या भांडवलावर वाढलेल्या संस्थेने. मग गुगलने घाईघाईने बार्ड हा आपला संवादी सहायक पुढे केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच्या जाहिरातीतच जेम्स वेब दुर्बिणीविषयीचे चुकीचे उत्तर दिसले आणि एका दिवसात गुगलची मालक कंपनी अल्फाबेट हिचे बाजारमूल्य सुमारे १०० अब्ज डॉलरने घसरले. गुगलची वेळ गेली असे तेव्हा ठामपणे लिहिले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गुगलने आपले ब्रेन आणि डीपमाइंड हे दोन एआय संशोधन विभाग एकत्र केले, डिसेंबरात गुगलचे नवे मॉडेल जेमिनाय आले, आणि आता तू मला विचारते आहेस की जेमिनाय घेऊ का. जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक या चिनी कंपनीच्या मॉडेलची बातमी पसरली तेव्हा चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचे बाजारमूल्य एका दिवसात जवळजवळ ६०० अब्ज डॉलरने कोसळले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तीच एनव्हिडिया ५ लाख कोटी डॉलरचा टप्पा ओलांडणारी जगातली पहिली कंपनी ठरली. ज्यांचे अब्जावधी डॉलर या खेळात गुंतले आहेत त्यांना पुढच्या सहा महिन्यांचा क्रम सांगता आला नाही. तो मी नाशिकमध्ये बसून तुला सांगावा ही अपेक्षा तू का करावीस?

शिवाय यातले प्रतिस्पर्धी एकमेकांपासून वाटतात तितके वेगळे नाहीत. ॲमेझॉनने अँथ्रॉपिकमध्ये ८ अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले. गुगल त्याच अँथ्रॉपिकची भागीदार आहे आणि स्वतःचे मॉडेल घेऊन तिच्याशी स्पर्धाही करते. यांतल्या बहुतेकांना लागणारे संगणक एनव्हिडियाच्या चिपवर चालतात, त्या चिप तैवानच्या टीएसएमसी या कंपनीच्या कारखान्यांत घडतात, आणि त्या घडवण्यासाठी लागणारी अतिनील प्रकाशाची सर्वांत प्रगत यंत्रे नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी बनवते. म्हणजे पुढे कोण या प्रश्नाचे उत्तर तू कोणत्या थरात उभी राहून विचारतेस त्यावर बदलते. तू यातल्या कोणत्याच थरात उभी नाहीस. तू निफाडच्या बांधावर उभी आहेस, आणि तिथून कसोटी घेण्याचे काम या कंपन्यांपैकी एकीनेही केलेले नाही.

क्रमवारीच्या ज्या याद्या तू मला पाठवल्यास, त्यांबद्दल मला राग आहे तो सांगून टाकतो. एप्रिल २०२५ मध्ये मेटाने, म्हणजे फेसबुकच्या कंपनीने, लामा ४ हे मॉडेल आणले, तेव्हा लोकांच्या मतांवर चालणाऱ्या एलएमअरीना या क्रमवारीत ते फार वर दिसले. नंतर उघड झाले की तिथे उतरवलेली आवृत्ती संभाषण रुचावे म्हणून खास घडवलेली, प्रायोगिक होती. लोकांना डाउनलोड करण्यासाठी दिलेले मॉडेल ते नव्हते. एक मोजमाप स्पर्धेचे लक्ष्य बनले की सगळे त्या मोजमापासाठी तयारी करू लागतात. इंग्रजीतल्या गप्पा कोणाला अधिक आवडल्या हे त्या यादीने सांगितले असेल. पोंगा अवस्थेत, म्हणजे छाटणीनंतर डोळे फुटत असताना, पाऊस झाला तर काय करावे, या प्रश्नावर कोणते मॉडेल खोटे आत्मविश्वासाने बोलते, हे त्या यादीत कुठे आहे?

मी इतका हट्ट का धरतो हे तुला कळायला हवे. सातपूरच्या एका कारखान्यात माझे आयुष्य येणाऱ्या मालाच्या तपासणीत गेले. मोठ्या पुरवठादाराचे प्रमाणपत्र सोबत असले की माल पुन्हा तपासायचा नाही, असा आदेश एके वर्षी वरून आला. पुरवठादार नामांकित होता, त्याच्या प्रमाणपत्रातही खोट नव्हती; पण ते प्रमाणपत्र त्याच्या गरजेच्या मापांचे होते आणि आमचा भाग ज्या मापावर बसत होता ते त्यात नव्हतेच. मी तपासणी चालू ठेवली. मला अडथळा म्हटले गेले, दुसऱ्या विभागात हलवले गेले, बढती गेली. आजही तीच जागा मिळाली तर मी तेच करीन, कारण माल कोणाचा यावरून माप ठरत नाही. खंत मला त्या बढतीची नाही. मी निघालो तेव्हा तपासणीची माझी वही पुढे चालवायला कोणी तयार झाले नाही, याची आहे. म्हणून तुझ्यावर ओरडतो आहे असे वाटले तर वाटू दे.

आणि हे तुला तरी वेगळे सांगावे लागू नये. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे आपले बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्या वाढनियंत्रकाचे, अवशेष मर्यादेबाहेर आढळले. कंटेनर अडकले, भाव पडले, नाशिक जिल्ह्यातल्या किती घरांचे त्या हंगामाचे पैसे बुडाले हे तू घरात ऐकत वाढली असशील. निर्यातीआधी प्रयोगशाळांची तपासणी झालेली होतीच. पण ज्या रसायनांची यादी तपासली जात होती, तिच्यात ते रसायन नव्हते. विचारले गेले त्याचे उत्तर बरोबर मिळाले. विचारायचे होते ते राहून गेले. दुसऱ्याने आपल्या गरजेसाठी केलेली यादी वापरली की असेच होते.

आता कामाचे बोलू. तुझी कसोटी म्हणजे तुझे स्वतःचे प्रश्न आणि त्यांची तू आधीच निश्चित करून घेतलेली उत्तरे. प्रश्न तू टेबलावर बसून रचू नकोस. दिंडोरीचे, निफाडचे, पिंपळगावचे बागायतदार व्हॉट्सॲपवर जे आवाजी निरोप पाठवतात, त्यांतून ते त्यांच्याच शब्दांत घे: 'घड जिरायला लागलेत', 'डिपिंगनंतर (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवल्यावर) मणीगळ होतेय', 'पानामागे पांढरं दिसतंय, डावणी का भुरी (हे दोन बुरशीजन्य रोग)?' छापील मराठीत नेटके उत्तर देणारे मॉडेल 'घड जिरणे', म्हणजे कोवळा घड वाढण्याऐवजी नाहीसा होणे, ऐकून भलतीकडे जाते की नाही, हे तिथेच कळते. उत्तरे ठरवताना अनुभवी बागायतदार आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी, दोन्ही समोर ठेव. औषधाची मात्रा, त्या औषधाला द्राक्षावर लेबल क्लेम, म्हणजे त्या पिकावर वापरण्याची अधिकृत मंजुरी, आहे की नाही, फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचे अंतर हवे, या तीन गोष्टींतली चूक आणि भाषेतली चूक एका तराजूत तोलू नकोस. पहिली चूक करणारे मॉडेल कितीही गोड मराठी लिहीत असले तरी बाद.

फोटो अंधूक असेल, तर 'यावरून सांगता येत नाही, पान उलटून पुन्हा फोटो पाठवा' हे उत्तर बरोबर धर. ठोकून दिलेले उत्तर योगायोगाने बरोबर निघाले तरी त्याला गुण देऊ नकोस. एकच प्रश्न अनेकदा विचार, कारण ही मॉडेल्स दर वेळी तेच बोलतील असे नाही, आणि सकाळी बरोबर व संध्याकाळी चूक सांगणारा सल्लागार बागेत चालत नाही. प्रश्नांचा एक भाग कोणालाही दाखवू नकोस, कोणत्याही संकेतस्थळावर टाकू नकोस. एकदा तो उघड्यावर गेला की पुढच्या मॉडेलच्या शिकवणीत तो मिसळला नसेल याची खात्री देता येत नाही, आणि मग मिळालेले गुण पाठांतराचे असतात. प्रत्येक चाचणीची तारीख आणि मॉडेलच्या आवृत्तीचे पूर्ण नाव लिहून ठेव.

खर्चही याच कसोटीत धर. ही मॉडेल्स मजकुराचे तुकडे मोजून पैसे घेतात, आणि आपल्या लिपीचे तुकडे फार पडत असत. ओपनएआयनेच मे २०२४ मध्ये दिलेल्या उदाहरणात मराठीतला जो मजकूर आधी ९६ तुकड्यांत बसत होता, तो नव्या पद्धतीने ३३ तुकड्यांत बसला. म्हणजे इंग्रजी जगाने काढलेला स्वस्त-महागाचा क्रम तुझ्या वहीत उलटाही निघू शकतो. तो तूच काढायला हवास.

तू म्हणशील, काका, एवढे करेपर्यंत बाकीचे पुढे जातील. कुठे पुढे? वर्षभर तू धावत होतीस, आणि आज तुझ्या ॲपचे उत्तर गेल्या हंगामापेक्षा चांगले आहे की वाईट, हे तुला सांगता येत नाही. तुझ्याच पत्रात तसे लिहिले आहेस. ७ ऑगस्ट २०२५ रोजी ओपनएआयने जीपीटी-५ आणताना चॅटजीपीटीतली जुनी मॉडेल्स एकदम काढून घेतली आणि लोकांची ओरड झाल्यावर त्यांतले एक पैसे भरणाऱ्या ग्राहकांना परत दिले. पुढे असलेली कंपनी निवडलीस तरी तिच्या मॉडेलवर तुझा ताबा नसतो. कसोटी हाती असेल, तर असा बदल झाल्याच्या संध्याकाळी तुला कळेल की आपले काय बिघडले आणि कुठे वळायचे. ती नसेल, तर ते बागायतदार तुला सांगतील, आणि तोवर फवारणी होऊन गेलेली असेल.

ज्यांची मॉडेल्स डाउनलोड करून स्वतःजवळ ठेवता येतात, त्यांनाही याच प्रश्नांपुढे उभे कर: मेटाचे लामा, गुगलचे जेमा, अलिबाबाचे क्वेन, डीपसीक. आपल्याकडे मराठीसाठी एआयफोरभारत हा आयआयटी मद्रासमधला संशोधन गट आणि सर्वम ही बंगळुरूची कंपनी यांनी जे केले आहे तेही घे, पण आपले म्हणून सवलतीचे गुण नकोत. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये १०,३०० कोटींहून अधिक रुपयांची इंडियाएआय मोहीम मंजूर केली आणि तिच्यातून संगणनशक्ती सवलतीच्या दरात देण्याची सोय केली आहे. त्यासाठी अर्ज करायचा तर तुझ्याकडे दाखवायला काय असेल? तुझ्या चाचणीचे निकाल असतील, तर ते दाखव.

गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची पावसाळ्यानंतरची छाटणी, सुरू झाली की प्रश्नांचा पूर येईल. ते सगळे जपून ठेव, एकही खोडू नकोस. त्यांतले पहिले पन्नास निवडून माझ्याकडे ये. उत्तरे छापून आण आणि कोणते उत्तर कोणत्या कंपनीचे हे झाकून आण. मी दोन बागायतदारांना बोलावून ठेवतो. गुण देऊन झाल्यावरच नावे उघडायची, त्याआधी तूही सांगायचे नाहीस.

तुझा,
काका