बाइकचा हेडलाइट दिवसा लुकलुकता ठेवला तर समोरच्याला आपण जास्त दिसतो का? फायदे-तोटे काय?

तुम्ही लिहिलंय की रोज भोसरीहून चाकणला दीडशे सीसीच्या बाइकवर जाता, डिव्हायडरच्या कटमधून टेम्पो आणि कार अचानक आडव्या येतात, आणि एक मित्र म्हणतो हेडलाइटला फ्लॅशर बसव, अमेरिकेत सर्रास बसवतात. बसवावा का, आणि पोलीस अडवतील का, असे तुमचे दोन प्रश्न.

मी काही वर्षं मिशिगनमध्ये होतो. तिथल्या माझ्या बाइकला हे यंत्र होतं आणि आता मी तुमच्याच रस्त्याने जातो, म्हणून आधी निकाल सांगून टाकतो. तिथे जे मिळतं ते कामाचं आहे, पण फक्त उजेडात आणि एकाच प्रकारच्या धोक्यासाठी. इथे त्या नावाखाली जे विकतात ते वेगळंच प्रकरण आहे, त्यावर पैसे घालवू नका. आणि 'सर्रास' वगैरे काही नाही. तिथेही बसवणारे मोजकेच, बरेचसे मोठ्या टूरिंग बाइकवर फिरणारे, निवृत्तीकडे झुकलेले लोक.

तिथे त्याला मॉड्युलेटर म्हणतात. हेडलाइटचा बल्ब आणि त्याचा कनेक्टर यांच्यामध्ये एक छोटी डबी बसते. तिच्यातून बारीक वायर बाहेर येते आणि वायरच्या टोकाला प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. तो हँडलपाशी, वर आकाशाकडे तोंड करून टायने बांधायचा. वाहनांच्या दिव्यांचा तिथला जो केंद्रीय नियम आहे, क्रमांक १०८, त्यात या लुकलुकीचं माप आखून दिलंय. मिनिटाला २४० वेळा, फार तर ४० कमीजास्त. प्रत्येक फेरीतला ५० ते ७० टक्के वेळ दिवा पूर्ण तेजाने हवा, आणि मंद होतो तेव्हाही त्याने १७ टक्क्यांखाली जाता कामा नये. म्हणजे दिवा कधीच विझत नाही, सेकंदाला साधारण चारदा धडधडतो. अंधार पडला की सेन्सर त्याला स्थिर करतो. उड्डाणपुलाखाली शिरलं की पुढच्या गाडीच्या मागच्या काचेत आपलाच दिवा शांत झालेला दिसायचा, पलीकडे निघालं की पुन्हा सुरू. राज्यांना यावर बंदी घालता येत नाही. पण रस्त्यावरच्या पोलिसाला ते ठाऊक असेलच असं नाही, म्हणून बरेच जण नियमाची छापील प्रत सीटखाली ठेवतात.

आता हे मुळात कशासाठी. १९८१ च्या हर्ट अहवालात लॉस एंजेलिस भागातल्या नऊशे मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन केलेली छाननी आहे. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांशांत समोरचा आडवा आला होता, जाण्याचा हक्क बाइकचा असताना. आणि धोका सुरू झाल्यापासून आदळेपर्यंत स्वाराच्या हातात जेमतेम दोन सेकंद होते. समोरच्याचं ठरलेलं वाक्य आपल्याकडे असतं तेच : "दिसलाच नाही हो."

बहुतेकदा तो खोटं बोलत नसतो. सरळ आपल्या दिशेने येणारी बाइक नजरेत डावी-उजवीकडे सरकत नाही. ती एका जागीच असते आणि हळूहळू मोठी होत जाते. त्यात तिचं अंग अरुंद, त्यामुळे ती मोठी होतेय हे कळतं अगदी शेवटी. मागे पाट्या, झाडं, ट्रकची तोंडं यांची गिचमीड. अशा गिचमिडीत लुकलुकणारी गोष्ट मात्र डोळ्याच्या कोपऱ्यालाही टिपता येते, कारण कडेची नजर बारकाव्यांत कच्ची असली तरी हालचाल पकडण्यात पक्की असते. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८० च्या आसपास हे खऱ्या रहदारीत तपासून पाहिलं होतं. बाइकचा दिवा दिवसा लुकलुकता ठेवला तेव्हा तिच्या समोरची लहानशी फट साधून घुसणारे वाहनचालक कमी झाले. मलाही तिथे फरक जाणवला तो इथेच. वळायला थांबलेली गाडी चाक वळवलेलं असूनही थांबून राहायची.

फायद्याची बाजू एवढी, आणि ती खरी आहे. तोट्यांना जरा जास्त जागा लागेल.

आपण दिसलो म्हणजे आपलं अंतर आणि वेग समोरच्याला कळला असं होत नाही. एकट्या दिव्याला रुंदी नसते. तो वीस मीटरवर आहे की साठ, हे ठरवायला डोळ्याला धरायला काही नसतं, आणि लुकलुकवून त्यात भर पडत नाही. रात्री तर उलटच होतं. अंधारात सलग पेटणाऱ्या दिव्याच्या जागेचा निदान अंदाज येतो, चमकून विझणाऱ्या दिव्याची जागाच पक्की होत नाही. अमेरिकन नियमात सेन्सर सक्तीचा आहे तो यासाठी.

मग पुढच्याच्या आरशातला त्रास. तिथे कारवाले मागे पोलिसाची बाइक आहे असं समजून बाजू द्यायचे, आणि आपण ओव्हरटेक करताना पोलीस नाही हे दिसलं की तोंड वाकडं करायचे. सिग्नलला तर पुढच्या माणसाच्या आरशात हे अखंड चालू. म्हणून बरेच जण ते फक्त अप्परवर चालेल असं जोडून घेतात, डिप्परला आलं की दिवा स्थिर. ग्रुपने निघालो की मॉड्युलेटरवाल्याला सगळ्यांत पुढे ठेवायची पद्धत होती. मान म्हणून नव्हे, कुणालाच तो मागे नको असायचा.

माझ्या मते सगळ्यांत मोठी अडचण आहे ती लुकलुकीचा अर्थ काय घेतला जातो याची, आणि हा अर्थ देशागणिक बदलतो. ब्रिटनचं वाहतूक-नियमांचं पुस्तक सांगतं की 'मी इथे आहे' एवढंच कळवायला दिवा लुकलुकवा. प्रत्यक्षात तिथले लोक त्यावरून 'तुम्ही आधी जा' असं समजतात. म्हणजे ज्याने थांबावं म्हणून दिवा दिला, तोच त्यामुळे निघतो. (स्वतःहून लुकलुकणारा हेडलाइट तिथे १९८९ च्या दिव्यांच्या नियमांनी चालतच नाही.) आपल्याकडे अर्थ बरोबर उलटा : अप्पर-डिप्पर म्हणजे 'मी थांबत नाही, तू थांब'. तेव्हा इथे लुकलुकता दिवा चालेल असं वाटेल. पण तुम्ही भोसरी ते चाकण प्रत्येकाला, म्हणजे पुढच्या रिक्षाला, शेजारच्या स्कूटीला, मोशीला रस्ता ओलांडणाऱ्या आजींना, सतत 'तू थांब' सांगत सुटणार. मग खरोखर सांगायची वेळ येते तेव्हा तुमच्याकडे वेगळं काही उरत नाही. आणि मध्येच एखादा ट्रेलरवाला 'जास्त शहाणा झालाय' म्हणून मुद्दाम बाजू देत नाही, ते निराळंच.

नवलाई ओसरते हेही धरून चाला. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप चालू राहायला लागला, तेव्हाचे दिवस आठवा. दर चौकात कुणीतरी पंजा उघड-मीट करून 'लाइट चालू आहे' अशी खूण करायचं. आता करतं का कुणी? सगळ्यांचेच दिवे चालू म्हटल्यावर एकट्याचा उठून दिसत नाही, आणि म्हणूनच तुमच्या मित्रासारख्यांना पुढची पायरी सुचते. उद्या निम्म्या डिलिव्हरीवाल्यांनी लुकलुक लावली की तीही कुणाला दिसेनाशी होईल.

आता इथे काय मिळतं ते बघा. पुण्यात नाना पेठेत फ्लॅशर मागितला की दोनपैकी एक हातात पडतं. एक म्हणजे इंडिकेटरचा रिले, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणारी डबी, हेडलाइटच्या वायरीत घालून देतात. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लागतो, त्यामुळे तुमचा हेडलाइट त्याच संथ चालीने पूर्ण विझणार आणि पूर्ण पेटणार. संध्याकाळी दर सेकंदाला काही क्षण तुम्ही समोरच्याला दिसणारच नाही, आणि तुम्हाला खड्डा दिसणार नाही. दुसरं म्हणजे स्ट्रोबचा मोड असलेले पांढरे एलईडी. त्यांना सेन्सर नाही, झोत कापणारी वरची रेषा नाही, उंचीचा हिशोब नाही. पावसाळ्यात ओल्या काचेवर तो झोत असा फुटतो की समोरच्याला तुम्ही सोडाच, रस्ताही दिसत नाही. तुमच्या बाइकला कंपनीचाच एलईडी हेडलाइट असेल तर रिलेचं नावही काढू नका. त्याच्या आत एलईडीला वीज पुरवणारं स्वतःचं ड्रायव्हर सर्किट असतं आणि सप्लाय असा सेकंदा-सेकंदाला तोडला की ते कधीतरी जातं. परदेशातून मागवलेला जुन्या धाटणीचा मॉड्युलेटरही हॅलोजनसाठीच केलेला असतो.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे दुचाकीच्या दिव्यांच्या मांडणीचं मानक एआयएस-००९ आहे. वळणाचे इंडिकेटर आणि हॅझार्ड सोडून इतर दिव्यांनी लुकलुकावं असं त्यात अभिप्रेत नाही. मॉड्युलेटरला अमेरिकेसारखी सूट नाही. शिवाय मूळ गाडीत फेरफार केला म्हणून मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ दाखवता येतं. तेव्हा अडवलं तर वाद घालायला तुमच्याकडे कागद नसेल.

आणि समजा, सगळं कायदेशीर असतं. तरी तुमच्या रस्त्यावर त्याचा उपयोग किती झाला असता? मोशीच्या पुढचा कुठलाही कट डोळ्यांसमोर आणा. पलीकडून आलेला छोटा टेम्पो नाक बाहेर काढून उभा आहे. ड्रायव्हरची नजर येणाऱ्या ट्रेलरवर आहे, मग त्याच्या मागच्या कंपनीच्या बसवर. त्याला हवी आहे ती त्या दोघांमधली फट, आणि नेमके त्या फटीत तुम्ही असता, ट्रेलरच्या डाव्या कोपऱ्याला चिकटून. ट्रेलरचं शेपूट पुढे सरकेपर्यंत त्याला तुमचा दिवाच दिसत नाही. तो स्थिर असो नाहीतर नाचरा, काही फरक नाही. शेपूट सरकतं, टेम्पो सुटतो, आणि मग तुम्ही त्याला दिसता.

तिथे उपाय आहे तो जागा बदलण्याचा. कट येण्याआधी ट्रेलरपासून इतकं मागे राहा की त्याच्या मागच्या दोन्ही चाकांखालचा रस्ता तुम्हाला दिसेल, आणि लेनच्या उजव्या बाजूला या. डाव्या पट्टीवरून उजव्या पट्टीवर येण्याची ती एक आडवी हालचाल समोरच्या नजरेला जाणवते. तुमच्या मागचं चित्र तुमच्यामागून सरकतं आणि तुम्ही त्यातून सुटे दिसता. एरवी फ्लॅशरकडून जी अपेक्षा होती ती इथे फुकटात पूर्ण होते. (मागून कुणी येत नाही हे आरशात बघूनच.) त्याच वेळी पासिंग स्विच दोनदा दाबा आणि हॉर्न द्या. आपल्या रस्त्यावर त्याचा अर्थ लागतो, आणि तुम्ही तो एरवी वापरत नसलात तर जास्त लागतो. थ्रॉटल सोडलेला, दोन बोटं ब्रेकवर. ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघू नका, तो तुमच्याकडे बघत असूनही तुम्हाला बघत नसतो. त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा. चाक फिरलं की तो निघाला.

दिव्यावरच खर्च करायचा असेल तर दोन छोटे पिवळे दिवे घ्या, स्थिर जळणारे. ते हेडलाइटच्या बरेच खाली, क्रॅश गार्डच्या दोन टोकांना, एकमेकांपासून जमतील तितके लांब लावा. हेडलाइट आणि हे दोन मिळून त्रिकोण होतो. तुम्ही जवळ येता तसा तो पसरतो, आणि एकट्या दिव्याला जी रुंदी नव्हती ती डोळ्याला मिळते. लंडनच्या रॉयल हॉलोवेमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये हेच दाखवलं होतं : अंधारात एका दिव्याऐवजी तीन दिवे त्रिकोणात असले तर लोकांना मोटरसायकलच्या वेगाचा अंदाज जास्त बरोबर येतो. झोत जमिनीकडे झुकवून घ्या. बाइक भिंतीपासून पाच-सहा मीटरवर उभी करून बघा, उजेडाचा डाग दिव्याच्या उंचीपेक्षा वर चढता कामा नये. वायरिंग करताना वेगळा रिले आणि वेगळा फ्यूज घ्यायला सांगा. हेडलाइटच्या वायरला टॅप मारून देणारा इलेक्ट्रिशियन असेल तर दुसरीकडे जा.