जिम कॅरी एवढा महागडा विनोदी नट कसा झाला?
खरी कलाटणी १९९४ची. त्याआधीची दीडएक दशकं टोरांटो आणि लॉस एंजेलिसच्या कॉमेडी क्लबांत नकला करण्यात गेली, मग १९९०पासून ‘इन लिव्हिंग कलर’ हा टीव्हीवरचा कार्यक्रम. १९९४मध्ये ‘एस व्हेंचुरा’, ‘द मास्क’ आणि ‘डम्ब अँड डम्बर’ लागले नि तिन्ही तुफान चालले. पहिल्याचे मिळाले साधारण साडेतीन लाख डॉलर, तिसऱ्याचे ७० लाख, आणि १९९६च्या ‘द केबल गाय’साठी थेट २ कोटी! (तो अपेक्षेइतका चालला नाही, ही गोष्ट वेगळी.) २००८च्या ‘येस मॅन’ला तर त्याने आगाऊ मानधनच घेतलं नाही, नफ्यात वाटा मागितला. मला विचाराल तर त्याचा सगळ्यात धाडसी सौदा तोच.